कुंडीला लोणा लागतो तेव्हा

मातीच्या जुन्या कुंडीवर पांढरे पट्टे उमटले, बुडाशी शेवाळ धरलं, की बरेच जण ती घासून नव्यासारखी करायला बसतात. हौस असेल तर घासावी, पण तो मळ नव्हे. कुंडीच्या भिंतीतून पाणी येजा करतंय, याची ती खूण आहे.

भाजलेली माती वरून घट्ट दिसली तरी आत बारीक छिद्रांचं जाळं असतं. झाडाला घातलेलं पाणी त्यातून झिरपत बाहेरच्या अंगाला येतं आणि उडून जातं. त्यात विरघळलेले क्षार उडू शकत नाहीत, ते तिथेच साठतात. कुंडीला लोणा लागतो तो असा. या थरात पाण्यातला चुना असतो, तसे खतातले क्षारही. त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकून पाहा. बुडबुडे आले, तर त्यात कॅल्शियम कार्बोनेट आहे. खत घालायला लागल्यापासून लोणा भराभर वाढला असेल, तर खताचा हात आखडता घ्यावा.

पाणी उडतं तेव्हा उष्णता घेऊन जातं, आणि ती थोडीथोडकी नसते. एक लिटर पाणी 20 अंशांवरून उकळीला आणायला साधारण 335 किलोज्यूल लागतात. तेवढंच पाणी नुसतं उडून जायला सुमारे 2,400. म्हणून ओल्या कुंडीतली मुळं उन्हातही गार राहतात. अर्थात हा गारवा फुकट नाही, पाणी जास्त घालावं लागतं. कोरडी माती मानवणाऱ्या झाडांना ही कुंडी उत्तम. सतत ओल मागणाऱ्या नेच्यांच्या बाबतीत मात्र पाणी घालणाऱ्याची कसोटी लागते.

शेवाळाला खरी मुळं नसतात, त्याला ओलसर पृष्ठभाग पुरतो. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. त्याच्या अनेक जाती वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. तळहाताएवढा ठिपका घाईने आणता येत नाही. नव्या कुंडीला रंग फासून म्हातारी करण्याचा खटाटोप मला म्हणूनच हास्यास्पद वाटतो.

कुंडी आतूनही म्हातारी होते. भाजलेली माती हवेतली आर्द्रता रासायनिकरीत्या हळूहळू परत घेते आणि तिचं वजन किंचित वाढतं. ही वाढ मंदावत जाते: जेवढी वाढ झाली तिच्या दुप्पट व्हायला सोळापट काळ लागतो. या गुणधर्मावरून विटा आणि खापरांचं वय काढण्याची पद्धत मँचेस्टर आणि एडिनबरा इथल्या संशोधकांनी 2009 मध्ये मांडली.

‘मातीचीच आहे, मातीत मिसळेल’ हा समज मात्र सोडून द्यावा. वाळलेली कच्ची माती पाण्यात विरघळते, पुन्हा मळता येते. 450 ते 600 अंशांच्या दरम्यान तिच्या स्फटिकांत बांधलेलं पाणी निघून जातं आणि परतीचा रस्ता बंद होतो. भट्टी त्याच्याही बरीच वर, साधारण 800 ते 1,000 अंशांपर्यंत जाते, त्यासाठी इंधन जळतं, धूर होतो. चीनमधल्या शियानरेन गुहेतली खापरं सुमारे 20,000 वर्षांची आहेत आणि अजून खापरंच आहेत. म्हणजे पर्यावरणाचं कर्ज भट्टीतच काढलेलं असतं, ते फिटतं कुंडी किती वर्षं टिकते त्यावर. दर दोन वर्षांनी फुटणारी हातघडणीची कुंडी कितीही देखणी असो, तिला पर्यावरणस्नेही म्हणवत नाही.

टिकवायची तर थंडीकडे लक्ष हवं. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं आणि भिंतीचे पोपडे सुटतात. हिम पडतं तिथे रिकाम्या कुंड्या कोरड्या करून आडोशाला ठेवाव्यात.

आणि शक्य असेल तर नवीन घेण्याऐवजी कोणाची तरी जुनी मागून घ्यावी. ती कोरडी असताना बोटाच्या पेराने वाजवून बघा: खणखणीत वाजली तर उचला, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे.