पार्श्वभूमी : व्यक्तिगत उद्दिष्टांची कार्यालयीन कुळकथा

उद्दिष्ट नेमके, मोजता येण्याजोगे आणि मुदतबंद असावे, ही आज कोणीही सहज देईल अशी सूचना मुळात व्यक्तीसाठी नव्हतीच. जॉर्ज डोरन यांनी नोव्हेंबर १९८१ मध्ये व्यवस्थापकांसाठीच्या एका मासिकात ‘स्मार्ट’ (SMART) हे इंग्रजी आद्याक्षरांचे सूत्र मांडले, तेव्हा त्यातील ‘ए’चा अर्थ ‘साध्य होण्याजोगे’ असा नसून ‘कोणावर तरी सोपवता येण्याजोगे’ असा होता. पुढे हे सूत्र व्यक्तिगत संकल्पांना लागू झाले, काम सोपवणारा आणि करणारा एकच उरला आणि त्या अक्षराचा मूळ अर्थ गळून पडला. बदल किरकोळ वाटतो. माझ्या मते मात्र संकल्प अर्धवट का राहतात, याचे बरेचसे उत्तर त्यातच आहे.

डोरन यांच्यामागे व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांची परंपरा होती. त्यांनी १९५४ मध्ये उद्दिष्टांच्या आधारे व्यवस्थापन करण्याची कल्पना रुजवली. तिला प्रायोगिक बळ मिळाले ते मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांच्याकडून. नेमके आणि कठीण उद्दिष्ट दिले की ‘जमेल तेवढे करा’ असे सांगण्यापेक्षा काम अधिक होते, हे त्यांनी १९६८ मध्ये मांडले. गॅरी लॅथम यांनी ते प्रयोगशाळेबाहेर तपासले. अमेरिकेत लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रक कायद्याने परवानगी असलेल्या वजनाच्या साधारण ६० टक्केच भरून निघत. ९४ टक्क्यांचे उद्दिष्ट ठरवून दिल्यावर, जादा मोबदला न देताही, काही महिन्यांत हे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास पोहोचले. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग आजही आदराने सांगितला जातो. मात्र तेथे आकडा ठरवून देणारे आणि भरलेल्या वजनाची नोंद ठेवणारे कोणीतरी होते, हे सांगताना राहून जाते.

स्वतःवर स्वतःच देखरेख ठेवण्याचा यत्न याच्या कितीतरी आधी, अठराव्या शतकात, बेंजामिन फ्रँकलिन यांनी केला होता. तेरा सद्गुण निवडून, आठवड्याला एका गुणावर लक्ष केंद्रित करून, चुकीच्या प्रत्येक प्रसंगी वहीतील रकान्यात काळा ठिपका द्यायचा, असा त्यांचा नेम होता. आणि नीटनेटकेपणा हा गुण आपल्याला सर्वांत जड गेला, अशी कबुली त्यांनी आत्मचरित्रात दिली आहे.

ठरवणे आणि करणे यांमधल्या दरीचा पद्धतशीर अभ्यास मात्र १९९०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांच्या हातून झाला. त्यांनी आणि व्हेरोनिका ब्रँडस्टेटर यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत ठरावीक मुदतीत एक टिपण लिहायचे होते. ते कधी आणि कोठे बसून लिहिणार, हे आधीच ठरवलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी ते वेळेत लिहिले. असे न ठरवलेल्यांमध्ये हे प्रमाण एक-तृतीयांशाच्या जवळपास राहिले. ‘अमुक वेळ आली की तमुक करायचे’ असे पक्के बांधून ठेवल्याने वरिष्ठाने करून द्यावयाची आठवण प्रसंगच करून देतो. आपल्याकडे ज्याला आरंभशूर म्हणून हिणवतात, त्याच्यात इच्छेची नव्हे तर या जोडणीची उणीव असू शकते.

लोकप्रिय सल्ल्याने मात्र वेगळेच जपले. लेखी उद्दिष्टे असलेले तीन टक्के पदवीधर पुढे बाकीच्या सर्वांहून श्रीमंत झाले, हा येल विद्यापीठाचा म्हणून सांगितला जाणारा १९५३चा अभ्यास झालाच नव्हता. सवय २१ दिवसांत लागते, ही समजूत मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६०च्या पुस्तकातून पसरली. रुग्णांना स्वतःच्या बदललेल्या रूपाची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात, असे त्यांनी नोंदवले होते. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात एखादी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले आणि व्यक्तीगणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलला. मध्येच एखादा दिवस चुकला, तरी सवय लागण्यात त्याने फारसा फरक पडला नाही.