खड्याचा कॅन्सर होत नाही हो!

"पित्ताशयात खडा राहिला की पुढे त्याचाच कॅन्सर होतो" हे किती वर्षं ऐकतोय आपण, पण खडा म्हणजे कोलेस्टेरॉल नाहीतर बिलिरुबिनचा (पित्तातल्या पिवळ्या रंगद्रव्याचा) गोळा, त्यात जिवंत पेशीच नाहीत तर कॅन्सर कसला होणार? कॅन्सर होतो तो पिशवीच्या आतल्या अस्तरात. खडे वर्षानुवर्षं घासत राहतात, सूज राहते, मग अस्तराच्या पेशी आधी रूप बदलतात, मग डिस्प्लेसिया, म्हणजे कॅन्सरच्या आधीची पेशींची विकृत वाढ, मग कॅन्सर. आणि खडे असलेल्या बहुतेकांना तो होतच नाही, हे आधी ऐका.

या कॅन्सरच्या साधारण 90 टक्के केसेस अ‍ॅडिनोकार्सिनोमाच्या, म्हणजे ग्रंथीसारख्या पेशींच्या. स्क्वॅमस, न्यूरोएंडोक्राइन वगैरे दुसरे प्रकार कमीच. मला भीती वाटते ती पिशवीच्या भिंतीची, कारण ती पातळ, तिच्यात सबम्युकोसाचा, म्हणजे अस्तर आणि स्नायू यांच्यामधला, थरच नसतो आणि लिव्हरला चिकटलेल्या बाजूला बाहेरचं आवरणही नाही, त्यामुळे गाठ पटकन लिव्हरमध्ये शिरते.

म्हणून खड्यासाठी काढलेली पिशवी "नुसता खडाच तर होता" म्हणून टाकू देऊ नका, पॅथॉलॉजीला पाठवायला सांगा, कधीकधी कॅन्सर तिथेच पहिल्यांदा कळतो, आणि तो अस्तरापुरताच असेल तर बहुतेकदा झालेलं ऑपरेशनच पुरतं.