बीपीचं औषध होतं मुळाच्या चिकट गाळात

सर्पगंधेचं मूळ दिसायला काही खास नाही, वेडंवाकडं, मातकट, वास जवळजवळ नाहीच पण चव कडूजहर. कोकणात, सह्याद्रीच्या जंगलात हे गुडघाभर उंचीचं झुडूप उगवतं, एका पेराभोवती तीन-चार पानं आणि लाल देठांवर पांढरी-गुलाबीसर फुलं. साप चावला, झोप उडाली, कुणाला वेडाचे झटके आले की हे मूळ देत आलेत. सापाच्या विषावर ते चालत नाही, तिथे अँटीव्हेनमच लागतं, हे आधीच सांगून टाकते. पण झोप आणि डोकं शांत होणं यात खरंच तथ्य होतं, आणि ते मुळातल्या कशामुळे होतं हे कळायला वीसेक वर्षं गेली.

1931 मध्ये कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं की या मुळाने बेभान पेशंट शांत होतात आणि ब्लडप्रेशरही उतरतं. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकींनी मुळातून शुद्ध स्फटिक वेगळे काढले, त्यातल्या एकाला कॉलेजचे संस्थापक हकीम अजमल खान यांच्या नावावरून अजमलीन म्हणतात आणि हृदयाच्या ठोक्यांच्या एका तपासणीत ते आजही वापरतात.

हे लॅबमध्ये करतात कसं तर मूळ वाळवून कुटायचं, भुकटी अल्कोहोलमध्ये भिजवायची, अल्कोहोल उडवून टाकलं की काळपट चिकट अर्क उरतो. त्यात आम्लाचं पाणी घातलं की अल्कलॉइड्स, म्हणजे वनस्पतीतली नायट्रोजन असलेली, आम्लाशी जोडली जाणारी रसायनं, पाण्यात उतरतात, मग ते पाणी गाळून घेऊन त्यात अमोनिया टाकला की ती परत बाहेर पडतात. आम्लाच्या पाण्यात ड्रॅगेनडॉर्फ रिएजंट या तपासणीच्या रसायनाचे दोन थेंब टाकले की नारिंगी साका धरतो आणि कॉलेजातल्या पोरांना फार आनंद होतो, पण त्या रंगाने फक्त अल्कलॉइड आहे एवढंच कळतं, ते गुणकारी आहे का हे अजिबात कळत नाही!

सर्पगंधेत घोटाळा नेमका इथेच झाला होता. सुंदर स्फटिक मिळाले, पण अख्ख्या मुळाने जशी गुंगी येते तशी त्यांनी येईना. 1940 च्या दशकात आपल्याच संशोधकांच्या लक्षात आलं की गुंगीचा गुण मागे उरलेल्या चिकट, राळेसारख्या गाळात आहे. शेवटी 1952 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासेलला सिबा या औषध कंपनीच्या म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी त्या गाळाचे भाग पाडत, कुठल्या भागात गुण उतरतो ते प्राण्यांवर तपासत रेझर्पिन हे गुणकारी द्रव्य वेगळं काढलं. ते अल्कलॉइडच, पण बेस म्हणून दुबळं, म्हणजे आम्लाशी कमी जोडलं जाणारं, त्यामुळे इतरांसारखं सरळ आम्लात न जाता गाळात राहिलेलं. मला या सगळ्या कहाणीत हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते, कारण नुसती केमिस्ट्री करत बसलं असतं तर औषध फेकलं गेलं असतं.

मधल्या काळात मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी हायपरटेन्शनच्या, म्हणजे हाय बीपीच्या, 50 पेशंटना सर्पगंधा देऊन 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निकाल छापले, ते वाचून बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी अमेरिकेत वापर सुरू केला. डॉ. वकील यांना 1957 मध्ये वैद्यकीय संशोधनाचा लास्कर पुरस्कार मिळाला, आपल्या शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव का नाही हा प्रश्न मला खरंच पडतो.

रेझर्पिन करतं काय तर नसांच्या टोकाशी ज्या बारीक पिशव्यांत सेरोटोनिन, डोपामिन, नॉरॲड्रेनलिन ही निरोप पोचवणारी रसायनं साठवलेली असतात, त्या भरूच देत नाही. साठा संपतो, रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी उतरतं. स्वीडनच्या अर्विद कार्ल्सननी सशांना रेझर्पिन दिलं तर ते हलेनासे झाले, मग एल-डोपा, म्हणजे ज्यापासून शरीर डोपामिन बनवतं ते द्रव्य, टोचल्यावर परत उठून हिंडू लागले. पार्किन्सन म्हणजे कंपवातावरच्या आजच्या औषधाचा रस्ता तिथून निघाला आणि 2000 साली त्यांना नोबेल मिळालं.

पण हा साठा सगळीकडचाच, मेंदूतलाही, संपतो, म्हणून नाक चोंदणं, सुस्ती आणि जास्त डोसने काहींना डिप्रेशन आल्याचं दिसलं. अडेल्फेनच्या गोळ्या आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने घेतल्यात त्यात रेझर्पिनच होतं, पुढे नवी औषधं आली आणि ते मागे पडलं. रेझर्पिनचा रोजचा डोस मिलिग्रॅमच्या पाव भागाएवढा किंवा त्याहून कमी असतो आणि मुळागणिक त्याचं प्रमाण बदलतं, शिवाय बाजारात सर्पगंधेच्या दुसऱ्या जातीची मुळंही मिसळलेली असतात, म्हणून हल्ली एचपीएलसी या मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशीनवर प्रत्येक लॉट मोजायला लागतो. चमच्याने चूर्ण घेणाऱ्याला हे काहीच कळत नाही, त्यामुळे बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता वरून हे घेऊ नका प्लीज.

आणि मूळ काढलं की अख्खं झाड जातं. जंगलातून इतकं उपसलं गेलं की आता त्याचा परदेशी व्यापार साइट्स या धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात नियंत्रित आहे, म्हणून लागवड वाढवणं आणि टिश्यू कल्चरने, म्हणजे झाडाच्या छोट्या तुकड्यापासून लॅबमध्ये, रोपं तयार करणं यावर सध्या बरंच काम चाललंय.