अहवाल पोहोचला, अर्थ पोहोचला का?

एका रुग्णालयातला तपासणी अहवाल दुसरीकडच्या डॉक्टरांना पाठवणे आता अवघड राहिलेले नाही. कागदाचा फोटो काढून मोबाइलवरून पाठवला तरी काम भागते. मात्र फोटोतले आकडे संगणकाच्या लेखी केवळ चित्र असतात. त्यामुळे मागच्या काही वर्षांतले क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे, हे दाखवणारा रक्तातला घटक) एका आलेखावर मांडणे किंवा लिहून दिलेल्या औषधाची ॲलर्जी पूर्वीच नोंदलेली आहे असा इशारा देणे त्याला जमत नाही.

आकडे टाइप केलेले असले, तरी प्रश्न उरतोच. उपाशीपोटीची रक्तशर्करा काही देशांत मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, तर काही देशांत मिलिमोल प्रति लिटरमध्ये मोजली जाते. पहिल्या पद्धतीतले १२६ म्हणजे दुसऱ्या पद्धतीतले ७, आणि तीच मधुमेहाच्या निदानाची सीमारेषा. ‘एचबीए१सी’ या तपासणीतही ७ टक्के हा आकडा नेहमी दिसतो, परंतु तो साधारण गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देतो. नोंदीत नुसते ‘शुगर ७’ असेल, तर ती वाचणाऱ्याने काय समजायचे?

म्हणून प्रत्येक आकड्यासोबत तपासणी कोणती, एकक कोणते, नमुना कधी घेतला आणि तो कोणाचा, एवढे तरी जायलाच हवे. तपासण्यांना जगभर एकच ओळख मिळावी यासाठी अमेरिकेतील रेगेनस्ट्रीफ इन्स्टिट्यूटने १९९४ मध्ये ‘लॉइंक’ ही संकेतप्रणाली सुरू केली. तिच्यात रक्तातील एचबीए१सीचा संकेत ४५४८-४ आहे. अशा नोंदी एका प्रणालीतून दुसरीत कोणत्या साच्यात जाव्यात, हे ‘एचएल७’ या संस्थेचे ‘फायर’ हे मानक ठरवते. तरीही खरे कष्टाचे काम प्रयोगशाळेतच असते. तिथे वर्षानुवर्षे रुळलेले प्रत्येक तपासणीचे नाव योग्य संकेताशी जुळवावे लागते आणि ही जुळवणी जाणकार माणसाने तपासावी लागते. नवे सॉफ्टवेअर घेताना या कामासाठी वेळ आणि मनुष्यबळ राखून ठेवले नाही, तर चुकीची माहितीच अधिक वेगाने पसरेल.

रुग्णाला स्वतःची नोंद वाचता येणे हा याच कामाचा भाग आहे, ती कोणी केलेली मेहेरबानी नव्हे. अमेरिकेत २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘ओपननोट्स’ प्रयोगात १०५ डॉक्टरांनी आपली टिपणे रुग्णांना खुली केली. कामाचा ताण वाढेल अशी धास्ती अनेकांना होती. पण वर्षभरानंतर एकाही डॉक्टरने ही सोय बंद केली नाही आणि पाहणीत उत्तर देणाऱ्या ९९ टक्के रुग्णांना ती सुरूच राहायला हवी होती.

गोपनीयतेची भीती मात्र रास्त आहे. नाव पुसले की ओळख पुसली गेली, असे होत नाही. जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी पिनकोड एवढ्यावरून अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक ओळखता येऊ शकतात, असा अंदाज संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी २००० मध्ये मांडला होता. यावर नोंदी कुलूपबंद ठेवणे हा उपाय नाही, कारण बेशुद्धावस्थेत आणलेल्या रुग्णाची ॲलर्जी डॉक्टरांना त्या क्षणीच कळायला हवी. एस्टोनियाने २००८ मध्ये देशव्यापी आरोग्यनोंदी सुरू केल्या. तिथे आपली नोंद कोणी आणि कधी उघडली, हे नागरिकाला स्वतः पाहता येते, आणि विनाकारण डोकावणाऱ्याला त्याचा जाब द्यावा लागतो.