झाडाची मुळं झाडाइतकीच खोल जातात? नाही!

बागेत खोडाला भिडवून पेव्हर ब्लॉक बसवले आणि कुणी हरकत घेतली, की उत्तर ठरलेलं: "मुळं खोल असतात, वरच्या फरशीनं काय होणार?" हा समज चुकीचा आहे. अन्नपाणी घेणारी बारीक मुळं बहुतांशी वरच्या अर्ध्या मीटर मातीतच असतात, कारण हवा तिथेच खेळते. ती पसरतात मात्र फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे.

म्हणून खरं नुकसान ब्लॉकच्या खाली होतं. ब्लॉक बसवण्यासाठी माती उकरताना मुळं तुटतात, मग खडी टाकून धुमसानं ठोकली की मातीतली हवाच जाते. काँक्रीटच्या कडपट्टीसाठी खोडाजवळ चर खणला, तर आधाराची जाड मुळंही जातात. झाड लगेच वाळत नाही, शेंडा हळूहळू सुकतो. मग पावसाळी वाऱ्यात ते कोसळतं आणि दोष वाऱ्याला!

राष्ट्रीय हरित लवादानं 2013 मध्ये दिल्लीसाठी झाडाभोवती 1 मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं. तेही किमानच, जुन्या वडा-पिंपळाला याहून पुष्कळ जास्त हवी. महाराष्ट्राच्या 1975 च्या वृक्ष कायद्यात 'झाड तोडणे' यात झाडाला इजा करणंही येतं, हे निविदा काढणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

आधीच बसवलेले ब्लॉक काढायचे ते पहारीनं, हातानं, जेसीबी नको. खडी उचलून माती खुरप्यानं वरवर सैल करा आणि 5 ते 8 सेंटिमीटर पालापाचोळा पसरा. खोडालगत मात्र वीतभर जागा मोकळीच ठेवा, नाहीतर ओलाव्यानं साल कुजते.