चारही चाकं ओढतात, तरी गाडी का घसरते?

जानेवारी 1978. ऑस्ट्रियातल्या टुराखर होहे या घाटात चढ 23 टक्क्यांपर्यंत जातो आणि रस्त्यावर बर्फ. ऑडीच्या इंजिनीअरांनी तिथे एक प्रायोगिक गाडी नेली. टायर उन्हाळ्यातले साधे, बर्फात पकडीसाठी चाकांवर चढवतात त्या साखळ्याही नाहीत. तरी गाडी घाट चढून गेली, कारण इंजिनाचा जोर चारही चाकांवर वाटलेला होता. त्याच्या आदल्या हिवाळ्यात योर्ग बेन्सिंगर या इंजिनीअरनं उत्तर युरोपातल्या चाचण्यांमध्ये एक गोष्ट हेरली होती. कमी ताकदीची, पण चारही चाकांना जोर असलेली, लष्करासाठी बनवलेली फोल्क्सवागन इल्टिस बर्फात जास्त ताकदीच्या गाड्यांना मागे टाकत होती. तिथून मार्च 1980 मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ऑडीची क्वाट्रो ही चारही चाकांना जोर देणारी (ऑल व्हील ड्राइव्ह) गाडी आली आणि बर्फातली ऑल व्हील ड्राइव्ह गाडी म्हणजे भरवशाची गाडी, हे समीकरण लोकांच्या मनात पक्कं बसलं.

ते चुकीचं नाही, अर्धवट आहे. टुराखरची गोष्ट चढाची आहे. त्याच घाटाच्या उतारावर ब्रेक दाबला की चारही चाकांना जोर मिळण्याचा उपयोग जवळजवळ संपतो. बर्फात गाडी पुढे नेणं, थांबवणं आणि वळवणं या तीन वेगळ्या अडचणी आहेत. त्यांवरचे उपाय वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या दशकांत शोधले. आजच्या मोठ्या गाडीत ते सगळे एकत्र बसलेले असल्यामुळे चालवणाऱ्याला ती एकच ताकद वाटते, आणि घात होतो तो इथेच.

सुरुवात मात्र एकत्रच झाली होती. 1903 मध्ये नेदरलँड्समधल्या स्पायकर कंपनीनं बनवलेल्या गाडीत चारही चाकांना जोर होता आणि चारही चाकांना ब्रेकही होते. पुढे वाटा फुटल्या. चार चाकांचे ब्रेक 1920 च्या दशकात साध्या गाड्यांमध्येही येऊ लागले. फोर व्हील ड्राइव्ह मात्र लष्कराकडे, शेतांकडे आणि खडबडीत रस्त्यांकडे गेली: 1941 पासूनची युद्धातली जीप, मग 1948 ची लँड रोव्हर. म्हणजे थांबण्यापुरती प्रत्येक साधी गाडी केव्हाच ‘चार चाकी’ झालेली आहे. ऑल व्हील ड्राइव्हवाल्याकडे ब्रेकचं पाचवं चाक नसतं.

रोजच्या वापरातल्या गाडीत ही सोय आली ती जपानच्या बर्फाळ ईशान्य भागामुळे. तोहोकू वीज कंपनीच्या माणसांना हिवाळ्यात दुरुस्तीसाठी डोंगरात जावं लागे आणि जीप थंडगार, गैरसोयीची. त्यांच्या मागणीतून सुबारूनं आधी प्रायोगिक गाड्या बनवल्या आणि 1972 मध्ये लिओनी ही फोर व्हील ड्राइव्ह स्टेशन वॅगन बाजारात आणली. मला मात्र या इतिहासातली सर्वांत शहाणी गाडी वाटते ती 1966 ची ब्रिटिश जेन्सन एफएफ. चारही चाकांना जोर देतानाच तिनं विमानांसाठी तयार झालेली, चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकयंत्रणाही घेतली. निघणं आणि थांबणं यांचा विचार तिथे पुन्हा एकत्र झाला होता. महागडी गाडी, 320 च बनल्या.

थांबण्याचा खरा इतिहास टायरांचा आहे, आणि तो दिमाखदार नसल्यामुळे कुणी फारसा सांगत नाही. 1904 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हॅरी वीडनं टायरांवर चढवायच्या साखळीचं पेटंट घेतलं. 1934 मध्ये फिनलंडमध्ये ट्रकसाठी हिवाळी टायर बनला आणि 1936 मध्ये मोटारींसाठी ‘लुमी-हाक्कापेलीटा’ आला. लुमी म्हणजे बर्फ. असा टायर जवळून पाहावा. रबर थंडीतही मऊ, प्रत्येक ठोकळ्यावर सुरीनं चिरल्यासारखे बारीक काप, आणि खाचांमध्ये गच्च दाबून बसलेला बर्फ. हा बर्फ काढून टाकावासा वाटतो, पण तोच कामाचा: बर्फ बर्फाला रबरापेक्षा चांगला धरतो. उन्हाळी टायरचं रबर साधारण 7 अंशांखाली ताठ होऊ लागतं आणि अशी पकड घेत नाही. 1986 मध्ये ऑडीनं फिनलंडमधल्या स्की-उडीच्या उतरंडीवर गाडी चढवून जाहिरात केली, तीही लोक क्वाट्रोचीच करामत म्हणून आठवतात. त्या गाडीच्या टायरांना खिळे होते.

एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी तीच कल्पना, आधुनिक इलेक्ट्रॉनिक रूपात 1978 मध्ये बॉश आणि मर्सिडीझनं आणली. बर्फावर ब्रेक जोरात दाबला की पायाखाली पेडल धडधडतं ते त्यामुळे. नवखा माणूस दचकून पाय उचलतो, आणि तेच करायचं नसतं. पेडल दाबून ठेवायचं. चाकं फिरती राहतात म्हणून स्टिअरिंग ऐकतं. वळणावर गाडी भरकटू लागली की एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला रेषेत आणणारी ईएसपी 1995 मध्ये आली. पण असलेली पकड वाटून देण्यापलीकडे ही यंत्रं काही करू शकत नाहीत.

पकड किती कमी असते, ते आकड्यांत पाहू. ताशी 50 किलोमीटर वेगात कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून गाडी साधारण 12 मीटरमध्ये थांबते. दाबून बसलेल्या बर्फावर तेच अंतर 50 मीटरच्या आसपास जातं, गुळगुळीत गोठलेल्या थरावर 100 च्या. या हिशेबात गाडीचं वजन येतच नाही. जड गाडी टायर जास्त दाबते, पण थांबवायचं वजनही तितकंच वाढलेलं असतं. म्हणून मोठी गाडी बर्फात लवकर थांबते हा समज खोटा आहे, आणि धडकली तर तिचा तडाखा वजनाच्या प्रमाणात मोठा. उंच असल्यामुळे आडवी घसरत कडेच्या घट्ट ढिगाला लागली तर कलंडण्याची भीतीही जास्त.

यात सर्वांत फसवं काय, तर निसरडेपणा आपल्याला आधी कळतो तो निघताना. दोनच चाकांना जोर असलेली गाडी जागच्या जागी चाकं फिरवते आणि चालवणाऱ्याला इशारा मिळतो. ऑल व्हील ड्राइव्ह गाडी गुपचूप निघते आणि तो इशाराच गिळून टाकते. म्हणून मागेपुढे कुणी नसताना, सरळ रस्त्यावर, हळू वेगात एकदा ब्रेक दाबून पाहावा. रस्ता कसा आहे ते तेव्हाच कळतं.

कॅलिफोर्नियातल्या डोंगराळ रस्त्यांवरचे नियम यावर नेमकं बोट ठेवतात. साखळीसक्तीच्या दुसऱ्या पायरीवर चारही चाकांना जोर असलेल्या गाडीला सूट मिळते, पण चारही टायर बर्फासाठीचे असतील तरच, आणि साखळ्या गाडीत ठेवाव्याच लागतात. तिसऱ्या पायरीवर सूट कुणालाच नाही.