लाइफगेन क्रीचर डेक

लाइफगेन क्रीचर डेक : ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या संग्राह्य पत्त्यांच्या खेळातील डेकचा (खेळाडूने स्वतः जुळवलेल्या गड्ड्याचा) एक प्रकार. खेळाडूचे लाइफ (शून्यावर आले की हार ठरवणारे गुण) वाढवणारी स्वस्त क्रीचर (मैदानात उतरून लढणारे पत्ते) आणि लाइफ वाढले की बळावणारी क्रीचर यांची सांगड हे त्याचे लक्षण. रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेला हा खेळ विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने १९९३ मध्ये बाजारात आणला. नेहमीच्या स्पर्धांत खेळाडू २० लाइफने सुरुवात करतो. मुख्य डेक किमान ६० पत्त्यांचा, साइडबोर्ड (डावांच्या मध्ये बदलायचे राखीव पत्ते) जास्तीत जास्त १५ पत्त्यांचा, आणि बेसिक लँड (‘माना’ ही पत्ते टाकण्याची ऊर्जा देणारे मूळ पत्ते) वगळता एका नावाचे चारपेक्षा अधिक पत्ते चालत नाहीत. नुसते लाइफ वाढवल्याने हार लांबते, विजय मिळत नाही. त्यामुळे स्पर्धेसाठी असा डेक घोटूनघोटून तयार करताना लाइफ किती मिळते यापेक्षा ते कितीदा मिळते, याकडे लक्ष द्यावे लागते.

उगम : या प्रकाराची सुरुवात कुठून धरायची याबद्दल तीन मते आढळतात. पहिले मत सोल वॉर्डन या पत्त्याला मूळ मानते. एक्सोडस (१९९८) या संचातले हे एका पांढऱ्या मानाचे १/१ (शक्ती म्हणजे करायची इजा १, टिकाव म्हणजे सोसायची इजा १) क्रीचर. दुसरे कोणतेही क्रीचर, अगदी प्रतिस्पर्ध्याचेही, मैदानात आले की वॉर्डनच्या मालकाला १ लाइफ मिळते. याच घडणीचे ऑरिऑक चॅम्पियन २००४ मध्ये, हिरव्या रंगातले एसेन्स वॉर्डन २००७ मध्ये आणि सोल्स अटेंडंट २०१० मध्ये आले. ‘सोल सिस्टर्स’ या नावाने ओळखला जाणारा डेक वॉर्डन आणि अटेंडंट यांच्या जोडीवर उभा आहे. मात्र मिळालेल्या लाइफचे करायचे काय, याला १९९८ मध्ये पुरेसे उत्तर नव्हते. त्याच वर्षीच्या सेरा अवतारची शक्ती आणि टिकाव मालकाच्या लाइफइतका असतो खरा, पण तो सात मानांचा पत्ता आहे आणि तो लाइफची बेरीज पाहतो. ते किती वेळा मिळाले याच्याशी त्याला देणेघेणे नाही.

दुसरे मत एक्स्टेंडेड या स्पर्धाप्रकारातील ‘लाइफ’ नावाच्या डेककडे बोट दाखवते. स्कर्ज (२००३) मधील डारू स्पिरिच्युअलिस्ट हे क्रीचर एखाद्या पत्त्याचे लक्ष्य झालेल्या क्लेरिक जातीच्या क्रीचरचा टिकाव दोनाने वाढवते. नोमॅड्स एन-कोर शून्य मानात हवे तितक्या वेळा लक्ष्य करू शकते. म्हणजे टिकाव कितीही फुगवता येतो, आणि मग वर्दी कॉज किंवा स्टारलिट सँक्टम वापरून त्या क्रीचरचा बळी दिला की तितके लाइफ पदरात पडते. हा डेक क्रीचरचाच होता यात वाद नाही. पण ती क्रीचर यंत्राचे सुटे भाग होती, मिळालेल्या लाइफमुळे त्यांच्यात काहीच बदलत नव्हते. त्याला कॉम्बो (ठरावीक पत्ते जुळवून अमर्याद परिणाम साधणाऱ्या) डेकच्या इतिहासात ठेवणे अधिक सयुक्तिक वाटते.

तिसरे मत जुलै २०१० मध्ये आलेल्या मॅजिक २०११ या संचापासून सुरुवात धरते. या संचात अजानीज प्राइडमेट (दोन मानांचे २/२, लाइफ मिळेल तेव्हा एक +१/+१ काउंटर, म्हणजे शक्ती आणि टिकाव एकेकाने वाढवणारी खूण) आणि सेरा असेंडंट (एका मानाचे १/१, लाइफलिंक म्हणजे केलेल्या इजेइतके लाइफ मालकाला, ३० किंवा अधिक लाइफ असेल तर +५/+५ आणि उड्डाण) ही दोन्ही क्रीचर एकदम आली. लाइफ मिळाल्यावर काहीतरी घडवणारे पत्ते त्याआधीही होते. पण सीअरिंग मेडिटेशन (२००५) दर वेळी दोन माना मागतो आणि सँग्विन बॉन्ड (२००९) टाकायलाच पाच माना लागतात. प्राइडमेट दुसऱ्या टर्नला उतरतो आणि पुढे काहीही मागत नाही. स्वस्त साधन आणि स्वस्त फळ एकत्र आल्याखेरीज डेक उभा राहत नाही, हा निकष मान्य केला तर तिसरे मत उजवे ठरते. लाइफ मिळणेच बंद पाडणारा लेलाइन ऑफ पनिशमेंट हा पत्ताही याच संचातला आहे. रोग आणि उतारा एकाच पाकिटात निघाले.

कोल्डस्नॅप (२००६) मधील मार्टर ऑफ सँड्स या क्रीचरभोवतीचे डेक वरील तिन्ही मतांच्या कडेला राहतात. एक माना देऊन आणि हातातले पांढरे पत्ते दाखवून मार्टरचा बळी दिला की दाखवलेल्या पत्त्यांच्या तिप्पट लाइफ मिळते. इथे मात्र बेरजेलाच महत्त्व आहे. पहिल्या टर्नला असेंडंट, दुसऱ्याला मार्टर टाकून लगेच बळी, असा डाव पहिली चाल असलेल्या खेळाडूने मांडला तर त्याच्या हातात चार पत्ते उरतात. चारही पांढरे असतील तर १२ लाइफ, एकूण ३२, आणि असेंडंट ६/६ होऊन उडतो. त्यांत एक जरी लँड निघाली तर ९ मिळून गाडी २९ वर अडकते.

नियमांतील बारकावे : खेळाच्या नियमांनुसार ‘लाइफ मिळेल तेव्हा’ या शब्दरचनेचा अर्थ ‘एखाद्या स्रोतामुळे लाइफ मिळेल तेव्हा’ असा घेतला जातो. एका स्रोताने एकदम चार लाइफ दिले तर ती एक घटना. चार स्रोतांनी एकेक दिले तर चार घटना. शून्य लाइफ मिळणे ही घटनाच नव्हे. लाइफलिंक असलेल्या दोन क्रीचरांनी एकाच वेळी इजा केली तर दोन घटना होतात, पण लाइफलिंकचे एकच क्रीचर अनेकांना एकदम इजा करत असेल तर एकच.

लाइफलिंकचा इतिहास या संदर्भात महत्त्वाचा आहे. ही संज्ञा फ्युचर साइट (२००७) मध्ये रूढ झाली. कल्पना मात्र १९९४ च्या स्पिरिट लिंक इतकी जुनी. सुरुवातीला लाइफलिंक हा ट्रिगर (एखादी घटना घडली की लागू होणारा परिणाम) होता. आधी इजा व्हायची, मग ट्रिगर स्टॅकवर (परिणाम अमलात येण्याआधी थांबतात त्या रांगेत) जायचा आणि त्यानंतर लाइफ मिळायचे. त्यामुळे ३ लाइफवर असलेल्या खेळाडूच्या लाइफलिंक क्रीचरने ब्लॉक करून ४ ची इजा केली आणि त्याच क्षणी न अडवलेल्या दुसऱ्या क्रीचरने त्याला ३ ची इजा केली, तर लाइफ येण्याआधीच तो हरत असे. जुलै २००९ मध्ये मॅजिक २०१० बरोबर नियम बदलला. लाइफलिंकचे लाइफ आता इजेसोबतच मिळते आणि वरील खेळाडू ४ लाइफवर जिवंत राहतो. या बदलाची दुसरी बाजू अशी की एका क्रीचरवर लाइफलिंक दोनदा असून उपयोग नाही, पूर्वी दोन्ही ट्रिगर लागू होत. स्पिरिट लिंक मात्र आजही स्वतंत्र ट्रिगर आहे. लाइफलिंक असलेल्या क्रीचरवर तो चढवला तर दोन घटना होतात आणि प्राइडमेटवर दोन काउंटर चढतात.

प्राइडमेटच्या मूळ मजकुरात काउंटर ठेवणे ऐच्छिक होते. वॉर ऑफ द स्पार्क (२०१९) मधील पुनर्मुद्रणापासून ते सक्तीचे आहे. सोल वॉर्डनचे लाइफ सक्तीचे आणि सोल्स अटेंडंटचे ऐच्छिक, हा भेद कायम आहे. पडद्यावर खेळताना याने फारसे बिघडत नाही. टेबलावरच्या स्पर्धेत मात्र विसरलेला ट्रिगर स्टॅकवर जाऊ द्यायचा की नाही हे प्रतिस्पर्धी ठरवतो, आणि एका टर्नला पाच-सहा ट्रिगर होणाऱ्या या डेकमध्ये ते विसरणे फार सोपे असते.

बांधणी : डेकचे पत्ते स्थूलमानाने लाइफ देणारे, लाइफवर वाढणारे आणि या दोहोंना सांभाळणारे असे असतात. नवख्या याद्यांत एकदम मोठे लाइफ देणारे पत्ते भरपूर दिसतात. घोटलेल्या याद्यांतून आधी तेच जातात. कारण समजायला एक उदाहरण पुरे. पहिल्या टर्नला वॉर्डन. दुसऱ्याला प्राइडमेट, जो उतरताच वॉर्डनच्या ट्रिगरमुळे ३/३ होतो. तिसऱ्या टर्नला हल्ल्याआधी अटेंडंट टाकला की प्राइडमेट ४/४. मग असेंडंट टाकला की वॉर्डन आणि अटेंडंट दोघांचेही ट्रिगर लागून तो ६/६. लाइफ झाले जेमतेम २४, एक माना शिल्लक, आणि सहा शक्तीचे क्रीचर हल्ल्याला सज्ज. हीच चार लाइफ एखाद्या पत्त्याने एकरकमी दिली असती तर प्राइडमेट ३/३ वर राहिला असता.

पहिल्या टर्नचे क्रीचर हातात असण्यावर सगळी भिस्त असल्याने संख्येचा हिशेब टाळता येत नाही. ६० पत्त्यांत असे चार पत्ते असतील तर सुरुवातीच्या सात पत्त्यांत किमान एक येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के, आठ असतील तर ६५ टक्के आणि बारा असतील तर ८१ टक्के. चारावरून आठावर जाताना २५ टक्क्यांची कमाई होते, आठावरून बारावर जाताना १६ ची. तरीही बहुतेक याद्या बाराच्या आसपास थांबतात, कारण उशिरा हाती आलेली सिस्टर, म्हणजे वॉर्डन-अटेंडंटसारखे क्रीचरसुद्धा, पुढच्या प्रत्येक क्रीचरमागे लाइफ देत राहते. लँडच्या बाबतीत मॅजिकचे गणिती विश्लेषक फ्रँक कार्स्टन यांचे गणित सर्वाधिक वापरले जाते. ६० पत्त्यांच्या डेकमध्ये पहिल्याच टर्नला ठरावीक रंगाचा एक माना भरवशाने हवा असेल तर त्या रंगाचे १४ स्रोत असावेत, असे ते सांगते. व्हॉइस ऑफ द ब्लेस्ड (२०२१) सारखा दोन पांढऱ्या मानांचा पत्ता घेतला की दुसऱ्या रंगाला जागा आणखी आक्रसते. एकरंगी याद्या टिकून राहिल्या त्या बहुधा यामुळेच.

सिस्टरांमधील निवड प्रतिस्पर्धी पाहून करावी लागते. वॉर्डन आणि अटेंडंट दोन्ही बाजूंची क्रीचर मोजतात. लूनार्क व्हेटरन किंवा प्रॉस्परस इनकीपर (दोन्ही २०२१) फक्त आपली. समोर टोकनांचा (पत्त्याविना तयार होणाऱ्या क्रीचरांचा) डेक असेल तर पहिला गट अधिक मोलाचा. क्रीचर जवळजवळ नसलेल्या कंट्रोल डेकपुढे मात्र हा फरक नाममात्र आहे.

अंतहीन साखळ्या : वरील पायावर कॉम्बो बसवल्याने या प्रकाराला स्पर्धांत खरा मान मिळाला, असे म्हणता येते. आर्चएंजल ऑफ थून (२०१३) लाइफ मिळेल तेव्हा मालकाच्या प्रत्येक क्रीचरवर काउंटर ठेवतो आणि स्पाइक फीडर (१९९८) एक काउंटर काढून २ लाइफ देतो. दोघे मिळून हवे तितके लाइफ आणि हवी तितकी मोठी क्रीचर देतात. हेलिअड, सन-क्राउन्ड (थेरॉस बियॉन्ड डेथ, २०२०) तीन मानांत तेच काम करतो, फक्त काउंटर एकाच लक्ष्यावर बसतो. वॉकिंग बॅलिस्टा (२०१७) सोबत असेल तर हेलिअडच्या दोन मानांनी त्याला लाइफलिंक द्यायचे, एक काउंटर काढून १ इजा करायची, त्यातून १ लाइफ, त्यातून पुन्हा काउंटर. बॅलिस्टावर सुरुवातीला किमान दोन काउंटर हवेत. एकच असेल तर तो काढताच बॅलिस्टा ०/० होऊन मरतो आणि हेलिअडचा काउंटर बसायला जागा उरत नाही. पायोनियर या स्पर्धाप्रकारात बॅलिस्टावर ऑगस्ट २०२० मध्ये बंदी आली. मॉडर्न या दुसऱ्या स्पर्धाप्रकारात ही जोडी कलेक्टेड कंपनी या पत्त्यासह खेळली गेली. वरचे सहा पत्ते पाहून तीनपर्यंत मूल्याची (टाकायला लागणाऱ्या एकूण मानांची) दोन क्रीचर थेट उतरवणारा हा पत्ता हेलिअड आणि फीडर दोघांनाही शोधून देतो. बॅलिस्टा मात्र त्यातून मिळून उपयोगाचा नाही. त्याच्या किमतीतला एक्स (काउंटर किती बसतील ते ठरवणारा आकडा) शून्य धरला जाऊन तो तिथेच मरतो.

अमालिया बेनाविदेस आगिरे (२०२३) आणि वाइल्डग्रोथ वॉकर (२०१७) यांची साखळी वेगळी आहे. लाइफ मिळाले की अमालिया एक्सप्लोर करते (डेकचा वरचा पत्ता उघडते आणि तो लँड नसेल तर तिच्यावर +१/+१ काउंटर बसतो), त्यामुळे वॉकर ३ लाइफ देतो, त्यामुळे अमालिया पुन्हा एक्सप्लोर करते. तिची शक्ती नेमकी २० झाली की इतर सर्व क्रीचर नष्ट होतात आणि साखळी तुटते. यात थांबण्याचा पर्याय खेळाडूकडे नसतो. शक्ती २० ला न थांबता पुढे उडी मारून गेली, किंवा वॉकर नष्ट होण्यापासून वाचला, तर साखळी चालूच राहते आणि सक्तीच्या अंतहीन साखळीचा निकाल नियमाप्रमाणे बरोबरी असा लागतो. ऑगस्ट २०२४ मध्ये पायोनियरमध्ये अमालियावर बंदी आली.

प्रतिकार आणि साइडबोर्ड : या डेकच्या दुखऱ्या जागा ठरलेल्या आहेत. वॉर्डनचा ट्रिगर स्टॅकवर असतानाच ३ ची इजा करणाऱ्या लाइटनिंग बोल्टने २/२ प्राइडमेट मारता येतो. ट्रिगर सुटून तो ३/३ झाला तरी बोल्टच्या टप्प्यातच राहतो. क्रीचर नष्ट करणारा फेटल पुश शक्ती पाहत नाही, मूल्य पाहतो, म्हणून ६/६ असेंडंटही एका मानात जातो. सगळे मैदान साफ करणाऱ्या पत्त्यांपुढे सेल्फलेस स्पिरिट किंवा ब्रेव्ह द एलिमेंट्स यांचा आधार घेतला जातो, आणि दोन क्रीचर हातात राखून ठेवणे हाही तितकाच जुना उपाय आहे. स्कलक्रॅक (२०१३) एका टर्नपुरते आणि रॉयलिंग व्होर्टेक्स (२०२०) मालकाने लाल माना दिला की त्या टर्नपुरते लाइफ मिळणे बंद करतात. पॉइझनचे दहा काउंटर किंवा लायब्ररी (ओढायच्या पत्त्यांचा गठ्ठा) संपवणे यांवर जिंकणाऱ्या डेकपुढे लाइफचा आकडा कितीही असला तरी व्यर्थ. अशा सामन्यांत सिस्टर बाहेर काढून वेगवान हल्लेखोर किंवा अडथळा आणणारी क्रीचर आत घेणे श्रेयस्कर.

अलीकडील स्वरूप : मॉडर्न होरायझन्स ३ (जून २०२४) मधील गाइड ऑफ सोल्स आणि ऑसलॉट प्राइड यांमुळे मॉडर्नमधील लाल-पांढरा एनर्जी (साठवून खर्चायचे गुण) डेक प्रबळ झाला. गाइड प्रत्येक नव्या क्रीचरमागे १ लाइफ आणि एक एनर्जी देतो. प्राइड त्या टर्नला लाइफ मिळाले असेल तर टर्नच्या शेवटी मांजराचे टोकन आणतो. या डेकला कोणी सहसा लाइफगेन म्हणत नाही, पण घडण पाहता तो सोल सिस्टर्सचाच वारस आहे. ब्लूमबरो (२०२४) मध्ये पांढऱ्या-काळ्या वटवाघळांना हाच विषय दिला गेला, आणि त्याच वर्षीच्या फाउंडेशन्स संचात प्राइडमेट पुन्हा छापला गेला.

४० लाइफने सुरू होणाऱ्या कमांडर प्रकारात असेंडंट पहिल्याच टर्नला ६/६ असतो आणि ४० लाइफवर सामना जिंकून देणारा फेलिडार सॉव्हरिन उतरल्यावर एक टर्न टिकला तरी पुरतो. स्पीकर ऑफ द हेवन्स (२०२०) आणि रायचस वाल्किरी (२०२१) यांची अट ठरावीक आकड्याऐवजी ‘सुरुवातीच्या लाइफपेक्षा किमान ७ अधिक’ अशी आहे. ती या अनुभवातून आली असावी.